सिअ‍ॅटलचं कोलिसियम: छत राखलं म्हणून टीम गेली?

तिरपा_कोन: अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची एनबीए (पुरुषांची बास्केटबॉल लीग) टीम सुपरसॉनिक्स २००८ साली ओक्लाहोमा सिटीला गेली, त्याचं मूळ तिच्या कोलिसियम या बंदिस्त स्टेडियमच्या १९९४-९५च्या पुनर्बांधणीत आहे. वास्तुकार पॉल थिरीचं १९६२च्या जागतिक प्रदर्शनातलं छत १९८६त इतकं गळलं की फीनिक्सविरुद्धचा सामना अर्धवट थांबवून दुसऱ्या दिवशी संपवावा लागला. तरी छताची ठेवण तीच ठेवली आणि कोर्ट रस्त्याच्या पातळीखाली ३५ फुटांवर नेलं. प्रेक्षक १७,००० बसले, पण जिथे खरी कमाई होते त्या रेस्टॉरंट-लाउंजना जागाच उरली नाही. पाडून नवं बांधायला हवं होतं.

हिशेबनीस: छतावर खापर फोडणं सोपं आहे. शहराने सुमारे साडेसात कोटी डॉलर घातले, आणि कर्जाची फेड ठरली याच इमारतीच्या उत्पन्नातून. मग टीमच्या हाती काय लागणार? २००६त मालकांनी २२ कोटींचं विस्तारकाम मागितलं. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी इनिशिएटिव्ह ९१ मंजूर केलं: शहराचा पैसा हवा तर सरकारी रोख्याइतका परतावा द्या. टीमचा या इमारतीत खेळायचा करार २०१०पर्यंतचा होता. टीमचे नवे मालक शहराला ४.५ कोटी भरून त्यातून मोकळे झाले.

तिरपा_कोन: उत्पन्न कमी का होतं, तेही सांगा की! कोर्ट ९४ बाय ५० फूट, बर्फावरच्या हॉकीचा रिंक २०० बाय ८५. बसायची रचना केली फक्त कोर्टाच्या मापाने. रिंक टाकला की तो एका बाजूला सरकायचा, स्कोअरबोर्ड मध्यरेषा सोडून निळ्या रेषेकडे लटकायचा, आणि कित्येक खुर्च्यांवरून पूर्ण बर्फ दिसायचं नाही. एनबीएच्या टीमचे घरचे सामने ४१. बाकीच्या रात्री एनएचएलची (त्या हॉकीच्या लीगची) टीम आणणार कशी?

पोलाद_सिमेंट: रिंकचं पटलं, पाडापाडीचं नाही. २०१७त वारसा ठरलेलं हे छत ४.४ कोटी पौंड वजनाचं, म्हणजे सुमारे २०,००० टन. पुढच्या कामात ते तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलून धरलं, खालचं सगळं काढलं आणि आणखी १५ फूट खोदलं. २०२१त इमारत उघडली. आता हॉकीही नीट बसते, आणि त्याच छतावरच्या पावसाच्या पाण्याचा बर्फ करतात. खर्च ११५ कोटी डॉलर, तोही खासगी.

तिरपा_कोन: मग ते १५ फूट तेव्हाच खोदायचे होते.

हिशेबनीस: कोणाच्या पैशाने? कर्ज वाढलं असतं, हप्ता वाढला असता, टीमची ओरड आणखी वाढली असती. स्टॉर्म ही महिला टीम त्याच छताखाली खेळत होती. २००८त सिअ‍ॅटलच्याच महिलांनी ती विकत घेतली, म्हणून ती राहिली, आणि २०१०त विजेतीही ठरली.

पोलाद_सिमेंट: डब्ल्यूएनबीएच्या (महिलांच्या लीगच्या) खर्चाशी एनबीएची तुलना नको. बाकी मालक गावातला असला की टीम राहते, हा मुद्दा मान्य.