‘क्यू’पेक्षा ‘व्ही’ची अडचण मोठी

स्क्रॅबल या इंग्रजी अक्षरे जुळवून शब्द बनवण्याच्या खेळात ‘यू’ हाताशी नसेल तर ‘क्यू’ लगेच बदलून घ्यावा, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. जीवनशक्ती या अर्थाचा चिनी शब्द ‘ची’ इंग्रजीत क्यू-आय या दोनच अक्षरांत लिहिला जातो, आणि स्क्रॅबलच्या उत्तर अमेरिकेतील शब्दसूचीत तो २००६ पासून ग्राह्य आहे. ‘क्यू’चे मूळ गुण १० असले, तरी अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात तो अशा रीतीने ठेवला, की त्याच्या उजवीकडे आणि खालीही ‘आय’ येईल, तर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत ‘क्यू’चे ३० आणि ‘आय’चा १ गुण धरला जाऊन एकाच खेळीत ६२ गुण पदरात पडतात.

माझ्या मते खरी पंचाईत ‘व्ही’ची आहे, कारण ते अक्षर असलेला दोन अक्षरी शब्द सूचीत एकही नाही, शोध थेट तीन अक्षरांपासून सुरू करावा लागतो. शब्दकोश पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेला असल्यामुळे ‘व्ही’च्या पानांवर व्हेक्स सापडतो, पण आयव्ही किंवा ईव्ह सापडत नाही. म्हणून मी वहीत शब्द अवघड अक्षराखाली लिहितो, मग ते अक्षर शब्दात कुठेही असो. आयव्ही तेव्हापासून माझ्या नजरेतून सुटलेला नाही.