मदत हवी आहे: गड्डा यात्रेत दहाच्या नाण्यावर चालणारं चिक्कीचं मशीन लावायचंय

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा, मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तिथे होम मैदानावर घरी बनवलेलं एक व्हेंडिंग मशीन लावायचं मनात आहे. दहाचं नाणं टाकायचं, बटण दाबायचं, चिक्कीचं पाकीट खाली पडतं. प्लायवूडची बॉडी, पुढे ॲक्रिलिक, आत सहा स्प्रिंगा, प्रत्येकीला गिअर मोटर आणि ऑनलाइन मागवलेला बारा व्होल्टचा कॉइन ॲक्सेप्टर, म्हणजे नाणं ओळखून आत घेणारा भाग. यूपीएसच्या बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी अडत नाही.

आता कुणी म्हणेल नाणी कशाला, क्यूआर लाव. पण जत्रेत लहान पोरांच्या हातात फोन नसतो हो, आजोबा हातावर दहा रुपये ठेवतात आणि ते पोर स्वतःच्या हाताने काहीतरी विकत घेतं, मला तेच गिऱ्हाईक पाहिजे. आणि गर्दी वाढली की नेटवर्क जातं, चहावाल्याकडे पण माणसं फोन वर धरून उभी असतात.

मागच्या महिन्यात बहिणीच्या गावच्या जत्रेत दोन दिवस लावून बघितलं, एकशे चाळीसच्या आसपास पाकिटं गेली, पण तीन अडचणी आल्या.

पहिली म्हणजे वीसचं नाणं. दहाचं पण २७ मिलिमीटर आणि वीसचं पण २७, फक्त वीसचं बारा कोनी आहे आणि जरा जड आहे. माझा ॲक्सेप्टर वीसला दहा समजून गिळतो आणि एकच पाकीट देतो. रात्री पेटी उघडली तर आत वीसची अकरा नाणी निघाली, म्हणजे अकरा जणांचे दहा दहा रुपये माझ्याकडे राहिले, ते कोण होते कसं शोधणार. फार वाईट वाटलं.

दुसरी, पाकीट अडकतं. एक सहा-सात वर्षांची पोरगी आली, मुठीत धरून धरून नाणं गरम झालेलं, तिने टाकलं, स्प्रिंग फिरली आणि पाकीट कोपऱ्यावर तिरकं होऊन काचेला टेकून राहिलं. ती रडली नाही काही नाही, नुसती काचेवर बोट ठेवून त्या पाकिटाकडे बघत उभी राहिली. मी दार उघडून दोन पाकिटं दिली, पण मी तिथे नसतो तर?

तिसरी, आमच्याकडे खेड्यात अजून दहाचं नाणं चालत नाही म्हणतात. पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं, असलं काहीतरी. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही डिझाइनची नाणी चालतात म्हणून सांगितलंय तरी दुकानदार हात मागे घेतात. मग लोकांकडे नाणं येणार कुठून? टोकन ठेवू का? मार्गदर्शन करा.

प्रतिसाद

दादा, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तुमचा ॲक्सेप्टर सहा नाणी ओळखणारा असेल तर वीसला वेगळं नाणं म्हणून शिकवा आणि त्याला दोन पल्स (मशीनला जाणारे विजेचे इशारे) द्या, म्हणजे वीस टाकले की दोन पाकिटं. शिकवताना एकच नाणं पंधरा वेळा टाकू नका, वेगवेगळ्या सालांची, घासलेली, नवी, सगळी मिसळून टाका. अचूकतेचा आकडा कमी ठेवा (कमी आकडा म्हणजे कडक तपासणी), पण फार कमी केलात तर खरी नाणी पण परत यायला लागतील, एकेक पायरी करून बघा. आणि मैदानावर धूळ फार, रोज सकाळी ब्रश मारा.

प्रतिसाद

पाकीट अडकतं त्यासाठी खाली आयआर सेन्सर लावा, म्हणजे न दिसणारा किरण सोडून वस्तू आडवी आली की ओळखणारा. पाकीट पडताना किरण तुटला नाही तर मोटरला अजून पाव फेरा द्यायचा, मोठ्या मशीनमध्ये असंच असतं. तरी नाही पडलं तर नाणं परत. आणि पाकीट स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत जेमतेम बसेल इतकंच जाड घ्या, तुमचं ढिलं असणार. चिक्की घरगुती असेल तर एफएसएसएआयचं (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन आधी करून घ्या. पुढे कधी खेळणी ठेवायचा विचार आला तर १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, बाजारातली सुटी स्वस्त खेळणी आणून भरू नका.

प्रतिसाद

टोकन नको असं माझं मत. मी फनफेअरमध्ये काम केलंय, टोकन ठेवलं की ते विकायला एक माणूस बसवावा लागतो, मग मशीनचा उपयोग काय? आणि उरलेली टोकनं पोरं घरी घेऊन जातात, दुसऱ्या दिवशी आईबाप पैसे परत मागायला येतात. त्यापेक्षा बँकेतून दहाच्या नाण्यांची पिशवी आणा आणि शेजारच्या चहावाल्याकडे ठेवा, तो नोट घेऊन नाणी देईल, त्याचा पण सुट्ट्याचा प्रश्न सुटतो. रात्री पेटीतली नाणी परत त्याच्याकडेच. हजार नाणी म्हणजे पावणेआठ किलो होतात, पेटीचा तळ पत्र्याचा करा, प्लाय वाकेल.

धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार. काल रात्री वीसचं नाणं वेगळं शिकवलं, चाळीस वेळा टाकून बघितलं, एकदाच चुकला. आयआर सेन्सर आज बसवतोय. चहावाल्याची आयडिया भारी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. चिक्की एका बचत गटाच्या ताई बनवतात, त्यांचं रजिस्ट्रेशन आहे, पाकीट जरा घट्ट भरायला सांगतो.

एकच राहिलं. नाणं परत द्यायचं कसं? माझा ॲक्सेप्टर एकदा नाणं घेतलं की सरळ पेटीत टाकतो. परत देणारा हॉपर महाग पडतोय. नळी उभी करून त्यात दहाची वीसेक नाणी ठेवली आणि सोलेनॉइडने (वीज दिली की दांडा पुढे सरकवणारी कॉइल) खालून एक ढकललं तर चालेल का? कुणी केलंय का असं? फोटो असेल तर टाका प्लीज, संक्रांतीला फार दिवस राहिले नाहीत.