मदत हवी आहे: लॅपटॉप मध्येच बंद पडतोय, जुन्या ड्रायव्हरमुळे असेल का?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे माझा लॅपटॉप (विंडोज १०) अचानक निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतोय. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. बहुतेक वेळा 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असा एरर येतो (ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर). इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते, पण त्यावरून मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच कळतं.

मेमरी टेस्टमध्ये एकही एरर नाही, तापमानही ठीक आहे. वायफाय ड्रायव्हरची तारीख मात्र २०१७ ची आहे, आणि मोठी फाइल डाउनलोड करतानाच हे जास्त होतं, म्हणून माझा संशय त्याच्यावर. (काही ड्रायव्हरवर २००६ दिसतं, पण ती तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून ते सोडून दिले.) डिव्हाइस मॅनेजरला (लॅपटॉपच्या भागांची यादी दाखवणारी विंडोजची सोय) विचारलं तर योग्य ड्रायव्हर आधीच आहे म्हणतो.

नवा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीचा घ्यावा की चिप बनवणाऱ्यांचा? जुना आधी काढून टाकायचा का? आणि मिनीडंप फाइल (मशीन बंद पडताना विंडोज जपून ठेवतं ती नोंद) उघडून नेमका दोषी ड्रायव्हर कसा शोधायचा, हे कुणी पायरीपायरीने सांगाल का? माझ्या प्रबंधाचं सगळं काम यावरच चालतं. बॅकअप घेतलाय, तरी प्रत्येक वेळी जीव धसकतो.