गलगलीला थांबलेला जलमार्ग नृसिंहवाडीपर्यंत यावा का?

धागाकर्ता (कसबा बावडा):
2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले आणि त्यांतील चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात कृष्णा नदी कर्नाटकातील गलगलीपर्यंत घेतली गेली. तिथून वरच्या अंगाला असलेला नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम मात्र बाहेरच राहिला. कोल्हापूर-सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी ही हद्द संगमापर्यंत आणि पुढे पंचगंगेतून कोल्हापूरपर्यंत वाढवून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. साखर, गूळ आणि मळीची एवढी वाहतूक असलेल्या जिल्ह्याने नदीकडे फक्त उपसा आणि महापूर एवढ्याच नजरेने पाहावे, हे मला पटत नाही.

ऊस उत्पादक (शिरोळ तालुका):
पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे ओळीने उभे आहेत. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसतात, पाणी अडते आणि त्या पाण्यावर आमच्या उपशाच्या मोटारी चालतात. नौका पलीकडे न्यायची तर प्रत्येक बंधाऱ्याला लॉक, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून नौका चढवणारा-उतरवणारा दरवाजांचा हौद, बांधावा लागेल आणि दर खेपेला त्यातून साठ्यातले पाणी खाली जाईल. उन्हाळ्यात उपसाबंदी सोसणाऱ्या शेतकऱ्याने हे का मान्य करावे? पावसाळ्यात बरगे निघतात, पण तेव्हा बंधारेच पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, अशा पाण्यात मालाची नौका कोण घालील? शिवाय नदी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे वाहते आणि आपली निर्यातीची साखर पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांकडे जाते. हा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो.

नदीकाठ (कुरुंदवाड):
मालाचा वाद चालू द्या, मला माणसांविषयी बोलायचे आहे. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत नाव थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागली होती. नावाडी बांबूने पाण्याखालच्या कंपाउंडच्या भिंती चाचपडत होता आणि माझ्या आईला आम्ही चादरीच्या झोळीतून खाली उतरवले. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि किती घरे उजाड झाली! नौकांची नोंदणी आणि सुरक्षा यांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. पूररेषेतील प्रत्येक गावाला नोंदणी झालेली नाव, पुरेशी लाइफ जॅकेट, शिकलेला नावाडी आणि चढउतारासाठी पक्का घाट हवा, ही मागणी सर्वांत आधी झाली पाहिजे.

धागाकर्ता:
नदीच्या दिशेचा मुद्दा मान्य आहे आणि पंचगंगेतून मालवाहतुकीची मागणी मी मागे घेतो. घाट आणि नावांची मागणी लोकप्रतिनिधींना द्यायच्या निवेदनात पहिली राहील. मात्र गलगली ते नृसिंहवाडी या टप्प्याची किमान पाहणी तरी व्हावी, यावर मी ठाम आहे.

ऊस उत्पादक:
त्या टप्प्यातही हिप्परगी आणि राजापूर हे कृष्णेवरचे बंधारे आडवे आहेत. पाहणीला माझा विरोध नाही. तिच्यात उन्हाळ्यातले पाणी एप्रिल-मे महिन्यांत मोजले जाणार असेल आणि सिंचनाचा हिस्सा आधी बाजूला काढला जाणार असेल, तर निवेदनावर मी सही करीन.