तेरा बुटक्यांची नावं पाठ म्हणजे पुस्तक समजलं का?

वैतागलेली आई, दहिसर
काल एका सातवीच्या टीचरबाईंची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. म्हणे, 'मी टोल्किनच्या द हॉबिट कादंबरीच्या दर चॅप्टरनंतर वीस मार्कांची ऑब्जेक्टिव्ह घेते, कोणी वाचलंय आणि कोणाला समजलंय ते लगेच कळतं.' अहो, १९ चॅप्टर आहेत त्यात! माझ्या लेकीलाही हेच पुस्तक आहे, परवा पेपरात आलं 'तेरा बुटक्यांची नावं लिहा'. तिने अकरा लिहिली, दोन मार्क गेले. तीच पोरगी रात्री जेवताना विचारते, आई, गोष्टीचा हीरो बिल्बो, त्याने बुटक्यांच्या खजिन्यातलं आर्केनस्टोन रत्न गुपचूप नेऊन दुसऱ्या पार्टीला दिलं ती चोरी का गं, त्याला खजिन्याचा चौदावा हिस्सा कबूल होता ना? मी विचारात पडले तर स्वतःच म्हणाली, "हिस्सा होता, पण कुठला ते यानेच ठरवलं, गावच्या घरात काकांनी पुढची खोली घेतली तसं." याला किती मार्क? शून्य, कारण विचारलंच नव्हतं.

सातवी ब
ती पोस्ट माझीच. वर्गात ५८ मुलं आहेत, तुमच्या घरी एक. अर्धी पोरं सिनेमा बघून येतात (२०१२ ते २०१४, एका पुस्तकाचे तीन भाग काढले, धन्य!). म्हणून मी मुद्दाम विचारते, लेगोलास मिर्कवुडच्या जंगलात काय करतो? तो फक्त सिनेमात आहे, पुस्तकात नाहीच. २३ जणांनी अर्धं अर्धं पान लिहिलं. आता बोला.

गिरगावकर आजोबा
बोलतो. याला सापळा म्हणतात बाई, आकलन नाही. चोर पकडलात, पण उरलेल्या ३५ जणांना काय समजलं ते कुठे कळलं? आणि एकच बरोबर उत्तर म्हणाल तर १९३७च्या पहिल्या आवृत्तीत गुहेतला तो प्राणी गोलम बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी स्वखुशीने लावतो, ती जागा १९५१ला लेखकाने बदलली. लेखकालाच उत्तर बदलावंसं वाटलं, तुम्ही ऑब्जेक्टिव्ह काढताय.

सातवी ब
आजोबा, सातवीला १९५१ची आवृत्ती कोण विचारतंय??

प्रोजेक्टग्रस्त, डोंबिवली
मला तर ऑब्जेक्टिव्ह परवडली बाबा. आमच्याकडे 'पुस्तकावर आधारित मॉडेल'. शनिवारी रात्री दोनपर्यंत पुस्तकातला स्मॉग नावाचा ड्रॅगन बनवत बसलो, पोरगा घोरत होता. सोमवारी तो ड्रॅगन घेऊन मी ८:१२च्या लोकलमध्ये, दादरला उतरेपर्यंत एक पंख गेला. ए प्लस मिळाला. कोणाला? मला.

वैतागलेली आई, दहिसर
थर्माकोल होता का? सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ला बंदी आली ना.

प्रोजेक्टग्रस्त, डोंबिवली
पुठ्ठा होता ताई, पुठ्ठा. फाइन लावणार का आता?

मीच ती
आमच्या स्टेशनजवळ एक स्टेशनरीवाला तयार मॉडेल विकतो. मागच्या वर्षी एकाच वर्गात चार सेम किल्ले आले, चारही फर्स्ट.

वरळीची वैनी
विकत घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी. मी नोकरी करून मुलाला स्वतः करायला लावते.

मीच ती
वैनी, मी घेतला असं कुठे लिहिलंय? तुमची नोकरी कुठून आली मध्येच? मी घरी सासूबाईंचं डायलिसिस बघून हे सगळं करते, तुमचं सर्टिफिकेट नकोय मला.

वरळीची वैनी
बरं बाई, तुमचं खरं. (म्हणजे घेतलाच होता.)

गिरगावकर आजोबा
धागा आकलनाचा होता ना? माझा नातू पुस्तक मोठ्याने वाचायचा आणि मी मुद्दाम चुकीचं बोलायचो, 'म्हणजे बिल्बो भित्रा झाला'. तो तावातावाने पानं उलटून दाखवायचा, नाही आजोबा, इथे बघा, घाबरलाय तरी बोगद्यात एकटा पुढे गेलाय. हीच परीक्षा. कागद लागला नाही.

सातवी ब
छान. ५८ नातू, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी, त्यात डायरीवर सह्या. या आमच्या शाळेत, खुर्ची देते.

वैतागलेली आई, दहिसर
टीचर, सगळे प्रश्न नका बदलू. बुटक्यांच्या नावांच्या जागी एकच टाका, 'चोरी की हक्क, पुस्तकातली एक जागा दाखवून सांगा'. चार ओळी. सिनेमा बघून पान नंबर नाही लिहिता येणार.

सातवी ब
पान नंबरचं बरं आहे, मान्य. पण प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती असते, त्यामुळे चॅप्टर लिहायला सांगीन. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेल्या काही कॉप्यांत तर शेवटची पानंच नसतात. सोमवारी टाकते. ५८ गुणिले चार ओळी, दहिसरवाल्या ताई, शनिवारी तपासायला येताय ना? आणि तुमच्या लेकीचे नावांचे मार्क मीही परत दिले नसते, अकरा म्हणजे अकरा.

प्रोजेक्टग्रस्त, डोंबिवली
त्या स्टेशनरीवाल्याचं दुकान ईस्टला की वेस्टला? आमच्या मित्राला हवंय.