फ्रिजमागचा कोपरा आणि आमची काजळ

टँपाची_मावशी: फ्लोरिडात परमिट काढून स्कंक (शेपटीखालून घाण वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा प्राणी) पाळता येतो, म्हणून लेकीच्या हट्टापायी चार महिन्यांची काजळ आणली. गंधग्रंथी काढलेल्या आहेत, ती भीती नाही. पण शी-शूचा ट्रे बाथरूममध्ये आणि बाई जाते फ्रिजमागे! शेपटी वर, उलटी चालत कोपऱ्याला पाठ लावते नि मोकळी होते. पुसून पुसून माझी कंबर गेली.

ओहायोकर: मावशी, स्कंक तुमचा कोपरा घेत नाही, तुम्ही त्याचा घ्यायचा. फ्रिजमागची फट आधी बुजवा, तिथे वायरी असतात. मग ती जो कोपरा धरेल तिथे ट्रे. आमच्याकडे तीन खोल्यांत तीन ट्रे आहेत. मागची कड उंच, पुढची कापलेली, कारण पाय आखूड. गुठळी होणारी वाळू नको, खणताना तोंडात जाते. कागदाच्या गोळ्या घाला. आणि ट्रे अगदी लख्ख करू नका, थोडा वास राहू दे.

लंडनची_सून: इकडे ब्रिटनमध्ये गंधग्रंथी काढायला बंदी आहे. पाळणारे वासासकट पाळतात!

ओहायोकर: एक राहिलंच. अमेरिकेत स्कंकसाठी मान्यता असलेली रेबीजची लस नाही. काजळ पाहुण्याला चावली तर रेबीजच्या तपासणीसाठी तिला मारलं जाऊ शकतं. पोरं आली की तिला खोलीत ठेवा.

टँपाची_मावशी: फट बुजवली. आता वॉशिंग मशीनशेजारी जाते, ट्रे तिथेच सरकवलाय. चारातले तीन वेळा नेम बसतो. चौथ्यांदा गोळ्या उपसून बाहेर, आणि शू त्यांच्यावर.