थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम एकत्र नको
ताई, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि मॅग्नेशियमची गोळी सकाळी एकदमच घेतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून तसं करू नका. पोटात मॅग्नेशियम असलं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढू शकतो. दोन्हींत निदान 4 तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांतही बरेचदा मॅग्नेशियम असतं, हे कुणी सांगतच नाही! आमच्या फोंड्याच्या घरी सासूबाई थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी घेतात, मॅग्नेशियम रात्री जेवल्यावर. मॅग्नेशियम हा थायरॉक्सिनला पर्याय नाही, तेव्हा गोळी बंद करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियम नकोच. तसा त्रास नसेल तर जेवणातून मॅग्नेशियम देणारी तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूठभर काजू मात्र खुशाल असू द्या.